पोस्टाची फ्रँचायझी घ्यावी का? आणि पोस्टाला नक्की व्हायचंय काय: बँक, दुकान की पोस्ट?

कोलशेतकर · सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. कोलशेत रोडला माझं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान आहे. शाळेच्या वह्या, भाडेकराराची कागदपत्रं, पॅनचे अर्ज अशी सटरफटर कामं चालतात. हल्ली गिऱ्हाईक सारखं विचारतं, "तुमच्याकडे स्पीड पोस्ट होतं का?" घोडबंदर पट्ट्यात टॉवर ज्या वेगाने उगवले त्या वेगाने पोस्टाची कार्यालयं वाढलेली नाहीत. म्हणून फ्रँचायझीचा विचार मनात आहे.

माझ्या हाती असलेल्या माहितीपत्रकात अटी सोप्या दिसतात. अनामत ५,००० रुपये, शिक्षण आठवी पास, वय १८ च्या वर. स्पीड पोस्टच्या नगामागे ५ रुपये, रजिस्टरमागे ३ रुपये, तिकिटांच्या विक्रीवर ५ टक्के. रजिस्टर पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झालं, त्यामुळे तो ३ रुपयांचा रकाना आता कसा धरायचा ते कुणी जाणकाराने सांगावं.

दुसरी गोष्ट. आमच्या सोसायटीतल्या ज्येष्ठांपैकी निम्म्यांचे पैसे पोस्टात आहेत. पत्र मात्र त्यांच्यापैकी एकही जण पाठवत नाही. माझं मत असं, की शहरात पोस्टाने टपालाचं दुकान मांडून बसण्यात अर्थ नाही, बचतीचं आणि विम्याचं दुकान मांडावं. फ्रँचायझीतही तेच द्यावं. तुम्हाला काय वाटतं? ठाणे-नवी मुंबईत कुणी फ्रँचायझी चालवत असेल तर जरूर लिहा.

ऐरोलीकर · सोमवार, रात्री १०:२०

घेऊन टाका. लहानपणापासून तो गोल शिक्का मारायची हौस प्रत्येकाला असते, ५ हजारांत भागतेय.

ताळेबंद · सोमवार, रात्री ११:०५

हौस बाजूला ठेवून हिशोब करू. दिवसाला ३० स्पीड पोस्ट आले असं धरा (नव्या माणसाला ३० म्हणजे बरेच झाले). ३० गुणिले ५ म्हणजे १५० रुपये. महिन्याचे २६ दिवस धरले तर ३,९०० रुपये. त्यासाठी वजनकाटा, प्रिंटर, एक माणूस आणि काउंटरची जागा अडणार. कोलशेत रोडला चार फूट काउंटरचं भाडं काय पडतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. नुसत्या कमिशनवर हे परवडत नाही. स्पीड पोस्टला आलेला माणूस जाताना दोन पेनं, पाकीट आणि चार झेरॉक्स घेऊन गेला तर परवडतं. म्हणजे फ्रँचायझी हा तुमच्यासाठी गिऱ्हाईक दारात आणायचा मार्ग आहे, धंदा नव्हे.

दुसरं, फ्रँचायझीत बचत खात्याची कामं येत नाहीत. आरडी, एमआयएस (मासिक उत्पन्न योजना), ज्येष्ठ नागरिक योजना, यातलं काहीही तुमच्या काउंटरवर होणार नाही. टपालाची नोंदणी, तिकिटं, मनीऑर्डर, टपाल जीवन विम्याचं काम, बिलं भरणं एवढंच. वाटपही तुमच्याकडे नाही, ते पोस्टमनच करणार. ज्या कामासाठी लोक पोस्टात जातात ते खात्याने स्वतःकडे ठेवलंय आणि ज्यात पैसा कमी, दगदग जास्त, ते दुकानदाराला दिलंय. पोस्टाच्या दुकानधोरणावर माझा आक्षेप हाच आहे.

झणझणीत · सोमवार, रात्री ११:११

थोडक्यात, साय त्यांची आणि पातेलं घासायचं कोलशेतकरांनी.

अल्पबचत_ताई · मंगळवार, सकाळी ७:३०

झणझणीत, साय आमच्याकडेही नाही हो! :)

मी कळव्याला महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेची एजंट आहे. लग्न झाल्यावर सासूबाईंबरोबर घरोघर फिरायला लागले, आता त्यांच्या खातेदारांच्या सुना माझ्या खातेदार आहेत. आमचं काम म्हणजे दर महिन्याला आरडीचे पैसे गोळा करायचे, कार्डावर नोंद करून सही द्यायची, लिस्ट बनवायची आणि पोस्टात भरायची. आम्हाला आरडीवर ४ टक्के कमिशन मिळतं. पूर्वी पीपीएफ आणि ज्येष्ठ नागरिक योजनेवरही एजंटांना कमिशन असे. अल्पबचतीवरच्या श्यामला गोपीनाथ समितीनंतर, २०११ च्या डिसेंबरपासून, ते बंद झालं आणि बाकीच्या योजनांवरचं १ टक्क्याचं अर्धा टक्का झालं. तेव्हा किती एजंटांनी काम सोडलं ते मी पाहिलंय.

कोलशेतकर म्हणतात बचतीचं दुकान मांडा. काका, ते आधीपासून मांडलेलंच आहे, फक्त त्याला शटर नाही. ते माझ्या पिशवीत आहे. भाजीवाली, पार्लरवाली, रिक्षावाल्याची बायको, या बँकेत जात नाहीत असं नाही, सगळ्यांच्या मोबाइलवर यूपीआय आहे. तरी पाचशे-हजार रुपये "ताई घेऊन जातात" म्हणून बाजूला पडतात. मी गेले नाही तर ते पैसे त्या आठवड्यात खर्च होतात. हे कुठल्याही ॲपला जमलेलं नाही. दुकान टाकलंत तरी माणूस दारात जायलाच हवा.

महिला सन्मान बचत पत्र दोन वर्षं होतं, साडेसात टक्के, दोन लाखांपर्यंत. ३१ मार्च २०२५ ला बंद झालं. बायका अजून विचारतात, "ती आमची योजना पुन्हा येणार का?"

राइनकाठची · मंगळवार, दुपारी १:४०

जर्मनीतून लिहितेय, माहेर नौपाड्याचं. इथे पोस्टाने स्वतःची कार्यालयं जवळजवळ संपवलीच. पार्सल आणायला मी जाते ते एका पेपर-सिगारेटच्या टपरीवजा दुकानात. मागच्या गल्लीत सुपरमार्केटच्या कोपऱ्यात काउंटर आहे. किमान १२,००० ठिकाणं देशभर असलीच पाहिजेत असं कायद्याचं बंधन आहे, पण ती स्वतःची असावीत असं नाही. पोस्टबँक वेगळी निघाली, शेअर बाजारात गेली आणि शेवटी डॉइश बँकेच्या पोटात गेली. म्हणजे तुम्ही म्हणता त्याच्या उलट झालं: बँक विकली आणि टपाल दुकानदारांना वाटून दिलं.

गिऱ्हाईक म्हणून सोय आहे, दुकान रात्री आठपर्यंत उघडं असतं. पण काउंटरवरच्या पोराला पार्सल शोधण्यापलीकडे काही येत नाही. नौपाड्याच्या पोस्टात आजोबांना फॉर्म कुठला आणि सही कुठे ते सांगणारा माणूस असायचा, तसलं काही नाही.

झणझणीत · मंगळवार, दुपारी १:५२

आमच्या वाण्याला सांगितलं तर तो पार्सलाबरोबर उधारीची वही पण पुढे करेल.

निवृत्त_शिक्का · मंगळवार, सायंकाळी ६:१५

मी टपाल खात्यातून काउंटर सहायक म्हणून निवृत्त झालो. ठाणे जिल्ह्यातच नोकरी झाली. थोडं लांबण लावतो, चालवून घ्या.

"पोस्टाने आता दुकान व्हावं की बँक" हा प्रश्न नवीन नाही. बचत बँक १८८२ ची, टपाल जीवन विमा १८८४ चा. मनीऑर्डर त्याच्याही आधी, १८८० ची. ब्रिटिशांच्या काळात हिवतापासाठी क्विनाइनच्या पुड्या पोस्टातून विकल्या जात. तुमच्यापैकी पन्नाशीच्या वरच्यांना रेडिओचं लायसन्स आठवत असेल, त्याचे पैसे पोस्टातच भरायचे. २००८ साली आम्ही सोन्याची नाणी विकली, २०१६ पासून गंगाजल विकलं, मग एलईडी बल्ब आले. २०२२ ला २५ रुपयांत तिरंगा विकला. काउंटरवर बसून मी यातलं बरंच काही विकलंय. तेव्हा दुकान तर आम्ही होतोच. अडचण अशी, की दर वेळी नवीन वस्तू यायची आणि ती विकायला माणूस मात्र तोच, रांग तीच.

आता दोन बँकांबद्दल, कारण लोकांची सर्वांत मोठी गफलत इथे होते. पोस्टात शिरलं की एकाच छपराखाली दोन बँका आहेत.

एक म्हणजे डाकघर बचत बँक. हिची खाती, आरडी, एमआयएस, सुकन्या, एनएससी, सगळं केंद्र सरकारच्या वित्त मंत्रालयासाठी आम्ही चालवतो. पैसे खात्याचे नव्हेत. त्या कामाचा मोबदला वित्त मंत्रालय टपाल खात्याला खात्यामागे देतं. बचत खात्याला ४ टक्के व्याज, किमान शिल्लक ५०० रुपये.

दुसरी इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक. १ सप्टेंबर २०१८ ला देशभर सुरू झाली. ही कंपनी आहे, रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेली. शिल्लक २ लाखांपर्यंतच ठेवता येते (२०२१ पर्यंत १ लाखच होती), कर्ज देता येत नाही. यूपीआय, आधारवर पैसे काढणं, पोस्टमनने घरी येऊन व्यवहार करणं हे तिचं काम. दोन लाखांवर गेलेली रक्कम जोडलेल्या डाकघर बचत खात्यात वळवता येते.

म्हणजे चांगलं व्याज एकीकडे आणि चांगलं ॲप दुसरीकडे. गिऱ्हाईकाला दोन्ही एकाच ठिकाणी हवं असतं. "साहेब, तुमच्याच बँकेतून तुमच्याच बँकेत पैसे टाकायला आयएफएससी कोड कशाला?" हा प्रश्न मी असंख्य वेळा ऐकलाय. (सगळ्या डाकघरांचा कोड एकच आहे: आयपीओएस, मग चार शून्यं, मग डीओपी. एनईएफटी मे २०२२ पासून सुरू आहे.)

खारघरचा_वारा · मंगळवार, रात्री ८:३०

निवृत्त_शिक्का काका, प्रतिसाद प्रिंट काढून ठेवण्यासारखा. +१

पण पेमेंट्स बँकेला इतकं दुय्यम मानू नका. माझ्या आईचं वय ऐंशीच्या पुढे, पनवेलला राहते. पेन्शनसाठी हयातीचा दाखला पोस्टमनने घरी येऊन, बोटाचा ठसा घेऊन, ७० रुपयांत करून दिला. कुठल्या मोठ्या बँकेचा माणूस घरी येतो? लाडकी बहीणच्या वेळी आधार जोडलेलं खातं हवं म्हणून २०२४ मध्ये पोस्टात किती रांगा लागल्या आठवतंय ना? आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या ताईंनी तिथेच खातं उघडलं आणि आता त्या त्याच खात्याचा क्यूआर वापरून भिशीचे पैसे गोळा करतात. २०२२-२३ मध्ये बँक पहिल्यांदा नफ्यात आली, २० कोटींच्या आसपास. देशाच्या मानाने फुटकळ आकडा, पण चार-पाच वर्षांत पेमेंट्स बँक नफ्यात आणणं सोपं नाही. २०१५ ला रिझर्व्ह बँकेने ११ जणांना तत्त्वतः मंजुरी दिली होती. त्यातल्या काहींनी सुरू करण्याआधीच हात वर केले.

नेरूळ_निवासी · मंगळवार, रात्री ९:०२

मला कोलशेतकरांचं "विम्याचं दुकान मांडावं" हे वाक्य खटकलं.

जपानचं उदाहरण घ्या. तिथलं पोस्ट म्हणजे विश्वासाचं दुसरं नाव. २०१५ ला पोस्ट, पोस्टाची बँक आणि पोस्टाची विमा कंपनी शेअर बाजारात आल्या. वर विक्रीची उद्दिष्टं ठरली, खाली काउंटरवरच्या माणसावर दबाव आला. २०१९ मध्ये बाहेर आलं की म्हाताऱ्या लोकांना नको असलेल्या पॉलिसी विकल्या जात होत्या, जुनी मोडून नवी घ्यायला लावायचे, काहींकडून दुप्पट हप्ते घेतले गेले. वरिष्ठांना राजीनामे द्यावे लागले. फसवणाऱ्याला वेगळं काही करावंच लागलं नाही, पोस्टमन सांगतोय म्हणून लोकांनी सह्या केल्या.

आपल्याकडेही ३९९ रुपयांत १० लाखांचा अपघात विमा म्हणून व्हॉट्सॲपवर केवढा गाजावाजा झाला. योजना वाईट नाही, पण ती खासगी विमा कंपनीची आहे, पोस्ट फक्त विकतं, आणि फक्त अपघाताची आहे. आमच्या मजल्यावरच्या गृहस्थांना तो आरोग्यविमा वाटत होता.

अल्पबचत_ताई · मंगळवार, रात्री ९:४५

नेरूळ_निवासी, अगदी बरोबर बोललात. माझ्या खातेदारांना मी सरळ सांगते, सरकारी हमी कशाला आहे आणि कशाला नाही ते आधी विचारा. डाकघर बचतीला पूर्ण हमी. टपाल जीवन विमाही सरकारचाच, एन्डोमेंटला हजारी ५२ रुपये बोनस, आणि पदवीधरांनाही आता मिळतो. बाकी "पोस्टातून घेतलं" एवढ्यावर जाऊ नका.

झणझणीत · मंगळवार, रात्री ९:५०

गंगाजलाला हमी आहे का ताई?

अल्पबचत_ताई · मंगळवार, रात्री ९:५३

त्याची हमी पोस्ट देत नाही, पिणाऱ्याची श्रद्धा देते. झोपा आता.

कोकणकडा · बुधवार, सकाळी ८:१०

विषयांतर करतोय. मनीऑर्डरचा उल्लेख आला म्हणून. आमचे आजोबा लालबागच्या गिरणीत होते. दर महिन्याला गावी राजापूरला मनीऑर्डर. पोस्टमन दारात आला की आजी आधी पदर सावरायची, मग अंगठा. खालच्या कूपनवर "सर्व क्षेम" एवढंच लिहिलेलं. रत्नागिरी-सिंधुदुर्गाला मनीऑर्डरवर जगणारा जिल्हा म्हणायचे ते उगाच नाही. आणि पिनकोड काढला तोही आपल्या कोकणच्याच माणसाने, श्रीराम भिकाजी वेलणकर, १५ ऑगस्ट १९७२. संस्कृतचे मोठे पंडित.

ऐरोलीकर · बुधवार, सकाळी ८:४०

पिनकोड निघालाच आहे तर ठाण्याची गंमत सांगतो. ४००६०७ म्हणजे सँडोजबाग, ४००६०६ म्हणजे जेकेग्राम. दोन्ही कारखान्यांची नावं. सँडोजच्या रसायन विभागाची क्लॅरियंट झाली, कोलशेतच्या क्लॅरियंटच्या जमिनीवर लोढाचे टॉवर झाले. जेकेग्रामच्या रेमंडच्या जमिनीवरही घरं उभी राहतायत. कारखाने गेले, पोस्टाने नाव धरून ठेवलं. कोलशेतकर, तुमच्या फ्रँचायझीला "झेरॉक्सबाग" नाव घ्या.

कोलशेतकर · बुधवार, सकाळी ९:१५

:D पाटी रंगवायला टाकतो.

निवृत्त_शिक्का काकांना आणि ताईंना मनापासून धन्यवाद. एक प्रश्न. पोस्टाकडे एवढा पैसा जमतो तर ते कर्ज का देत नाहीत? आमच्या लाइनमधल्या दुकानदारांना पन्नास हजार-लाखाचं कर्ज बँक देत नाही, पतपेढी सोळा-अठरा टक्के लावते. पोस्टाने दिलं तर केवढी सोय.

ताळेबंद · बुधवार, सकाळी ११:३०

कारण पैसा पोस्टाकडे राहतच नाही. १९९९ पासून अल्पबचतीचा सगळा पैसा राष्ट्रीय अल्पबचत निधीत जातो आणि तिथून सरकारला कर्ज म्हणून. पूर्वी त्यातला मोठा वाटा ज्या राज्यात गोळा झाला त्या राज्याला मिळे. म्हणून तर जिल्हाधिकाऱ्यांपासून तलाठ्यापर्यंत सगळे मार्चमध्ये अल्पबचतीच्या मागे लागायचे. चौदाव्या वित्त आयोगानंतर, २०१६ पासून, अरुणाचल, दिल्ली, केरळ आणि मध्य प्रदेश सोडून बाकी राज्यं त्यातून बाहेर पडली. महाराष्ट्रही. व्याजाचा दर त्यांना महाग पडत होता, बाजारातून कर्ज स्वस्तात मिळत होतं. आज कळव्याच्या भाजीवालीची आरडी दिल्लीच्या तुटीत जाते.

पेमेंट्स बँकेला तर कर्जाची परवानगीच नाही. ती फार तर दुसऱ्या संस्थेच्या गृहकर्जाची चौकशी पुढे पाठवते. आणि परवानगी दिली तरी मी विरोध करेन. कर्ज देणं सोपं, वसूल करणं वेगळी विद्या आहे. पोस्टमनने सकाळी पत्र द्यायचं आणि दुपारी हप्त्याचा तगादा लावायचा, हे चालणार नाही.

खारघरचा_वारा · बुधवार, दुपारी १२:०५

असहमत. इटलीचं पोस्ट बघा. पत्रांचा धंदा तिथेही आटला, पण ठेवी, विमा, कार्डं, मोबाइल, सगळं पोस्टाच्या काउंटरवर. नफ्याचा मोठा भाग आर्थिक सेवांतून येतो, म्हणून गावोगावची कार्यालयं टिकलीत. आणि तेही कर्ज स्वतःच्या खिशातून देत नाहीत, दुसऱ्या बँकांचं वाटतात. तेवढं आपण का करू नये?

ताळेबंद · बुधवार, दुपारी १२:२०

दुसऱ्याचं कर्ज वाटायला माझी ना नाही. नेरूळ_निवासींचा जपानचा प्रतिसाद पुन्हा वाचा एवढंच म्हणेन.

वाशीची_सुगरण · बुधवार, दुपारी ३:३०

मी इथे फक्त पाककृतींच्या धाग्यांवर असते, पण हे वाचून राहवलं नाही. माझ्या सासऱ्यांनी निवृत्तीचे पैसे जास्त व्याजाच्या मोहाने एका सहकारी बँकेत ठेवले. निर्बंध आले आणि अडकले. ठेव विमा महामंडळाकडून ५ लाख मिळाले (ही मर्यादा २०२० मध्ये १ लाखावरून ५ लाख झाली, हे नशीब). त्यानंतर घरात एकच नियम: आधी पोस्ट, मग बाकी. ज्येष्ठ नागरिक योजनेत मर्यादा २०२३ पासून ३० लाख आहे, व्याज ८.२ टक्के. ३० लाखांवर तिमाहीला ६१,५०० येतात. सासूबाईंच्या नावावर एमआयएस आहे, ९ लाखांवर ७.४ टक्क्यांनी महिन्याला ५,५५०. त्यात घराचा किराणा निघतो.

आम्हाला ॲप नको, कर्ज नको. फक्त बसायला बाक आणि पंखा द्या. माझ्या मते पोस्टाचं दुकानधोरण इथून सुरू व्हावं.

झणझणीत · बुधवार, दुपारी ३:३४

पंख्याला अनुमोदन. आणि काउंटरवरचं ते दोरी बांधलेलं पेन लिहितं असावं.

राइनकाठची · बुधवार, सायंकाळी ५:००

कोलशेतकर, एक सावधगिरीची गोष्ट. इंग्लंडमध्ये बहुतेक पोस्ट ऑफिसं दुकानदारच चालवतात, तुमच्यासारखेच. १९९९ पासून त्यांना होरायझन नावाची संगणक प्रणाली दिली, फुजित्सुची. तिच्यात दोष होते. हिशोबात खोटी तूट दिसायची आणि करारानुसार ती दुकानदाराने भरायची. नऊशेहून अधिक जणांना चोरी-अफरातफरीसाठी दोषी ठरवलं गेलं. कित्येकांनी घरं विकली, काही तुरुंगात गेले. २०२४ मध्ये संसदेला कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

आपल्याकडे तसंच होईल असं मी म्हणत नाही. पण करारात "तूट आल्यास जबाबदारी कुणाची" हे कलम आधी वाचा.

निवृत्त_शिक्का · बुधवार, रात्री ८:००

अतिशय महत्त्वाचा मुद्दा. आमच्याकडे काउंटरवर रोकड कमी भरली तर खिशातून भरावी लागते, हे प्रत्येक टपाल कर्मचाऱ्याला पाठ असतं. दुकानदारानेही रोजच्या रोज प्रिंट काढून, तिकिटांचा साठा मोजूनच शटर ओढावं. नवी संगणक प्रणाली २०२५ च्या ऑगस्टमध्ये देशभर आली, तिच्यामुळे काउंटरवर यूपीआयने पैसे घेता येतात. हातात नोटा कमी आल्या की घोळही कमी.

नेरूळ_निवासी · बुधवार, रात्री ८:२५

धाग्याचा मूळ प्रश्न राहिला बाजूला, आपण इटलीहून इंग्लंडपर्यंत फिरून आलो. फ्रँचायझी घ्यावी का, हो की नाही?

ताळेबंद · बुधवार, रात्री ८:४०

माझं उत्तर: दुकान आधीच चालू आहे, जागा स्वतःची आहे, तर घ्या. भाड्याचा गाळा घेऊन नुसती फ्रँचायझी टाकणार असाल तर अजिबात नको. आणि कमिशनचा सध्याचा तक्ता खात्याकडून लेखी घ्या, तुमच्या माहितीपत्रकावर विसंबू नका.

कोलशेतकर · बुधवार, रात्री ९:१०

जागा स्वतःची आहे, वडिलांनी घेतलेली. तेव्हा कुणाला वाटलं होतं कोलशेतला कुणी राहायला येईल!

ताई, तुमचा प्रतिसाद सौ.ला वाचून दाखवला. ती म्हणते, मी आरडीची एजन्सी घेते, तू स्पीड पोस्ट बघ. एकाच दुकानात दोन्ही चालेल का?

अल्पबचत_ताई · बुधवार, रात्री ९:३०

वहिनींना सांगा, वेलकम! आमची एजन्सी राज्य सरकारच्या अल्पबचत यंत्रणेकडून मिळते, पोस्टाकडून नाही. त्यामुळे अर्ज वेगळा, ओळखपत्र वेगळं, जबाबदारी वेगळी. फ्रँचायझीवाल्याच्या घरच्यांना एजन्सी चालते का हे मात्र दोन्हीकडे लेखी विचारा, तोंडी "हो हो" वर जाऊ नका. आणि चालली तरी दोन्हीचे पैसे एका गल्ल्यात घालू नका. आरडीचा गल्ला वेगळा, कार्डावर सही पैसे हातात आल्यावरच. दुकानात बसून खातेदार येतील अशी वाट बघाल तर चार महिन्यांत कंटाळाल, टॉवरच्या कामवाल्या बायका, वॉचमन, ड्रायव्हर यांच्याकडे स्वतः जावं लागेल.

निवृत्त_शिक्का · बुधवार, रात्री ९:५५

फ्रँचायझीचा अर्ज ठाणे विभागाच्या वरिष्ठ अधीक्षकांच्या नावे. दुकानाच्या पट्ट्यात किती इमारती, किती शाळा, जवळचं डाकघर किती अंतरावर, हे अर्जात स्पष्ट लिहा, कारण जागेची गरज पटली तरच पुढे सरकतं. जागेच्या मालकीची कागदपत्रं जोडा. दुसरी प्रत नेऊन तिच्यावर पोचेचा शिक्का घ्या.

अल्पबचत_ताई · बुधवार, रात्री १०:०२

आणि चौकशीला पोस्टात जायचं तर १४-१५ तारीख आणि महिनाअखेर टाळा. पंधरा तारखेच्या आत उघडलेल्या आरडीचे हप्ते पंधरापर्यंत, बाकीच्यांचे महिनाअखेरपर्यंत भरायचे असतात. त्या दिवशी आम्ही सगळ्या लिस्टा घेऊन काउंटरवर असतो, तुमच्याकडे बघायला कुणाला वेळ नसेल.